पाटीमागचं पाणी

"तुम्ही मारलंत त्याला, साहेब. बुटाच्या टाचेनं मारलंत. धक्क्यावर उभे राहिलात, बोटीच्या काठाला एक टाच हाणलीत, 'ठणठणीत आहे' म्हणालात आणि जेवायला गेलात. तो बुडाला पुढं कधीतरी, पण मेला तिथंच, तुमच्या टाचेखाली."

हे ती रोज सकाळी म्हणायची. साहेबाला नाही, बोटीला. साहेब कुठं ऐकायला बसलाय? शेडचं पत्र्याचं दार ढकलायचं, तोंडाला फडकं बांधायचं, बांधता बांधता हे सगळं घडाघडा म्हणून टाकायचं आणि मग ग्राइंडर सुरू करायचा. एरवी ती शिलाईवाली. ब्लाउज, शर्ट, पडदे, दुकानांची कापडी छतं, जे येईल ते शिवायची. पण मशीनवर आता धूळ बसली होती. धूळसुद्धा साधी नाही, फायबरची. अंगाला लागली की खाज सुटते आणि आंघोळीनं जात नाही.

बोट तिच्या नवऱ्याची. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं सोडायचं काम तो करायचा. एका दुपारी भर खाडीत बोटीची मागची भिंत, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं ती, मधोमध फाटली. इंजिन तुकडा घेऊन पाण्यात गेलं आणि त्या भगदाडातून खाडी आत आली. बोटीत होते त्या सगळ्यांना त्यानं हवेची रिंग, डबे, फळ्या, हाताला लागेल ते देऊन वर ठेवलं. सगळे वाचले. स्वतःसाठी ना फळी उरली, ना पोहायची ताकद.

मग चौकशी झाली. चौकशी कोणी केली? ज्यानं बोट पास केली होती त्याच साहेबानं. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ती हीच. साहेबानं भगदाडात हात घातला, कुजकं लाकूड चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं आणि सांगितलं, "मालकाची हयगय. बोटीची निगा राखली नाही." संपलं. त्या दोन वाक्यांनी मेलेल्या माणसाला परत बुडवलं. ज्यांना त्यानं वाचवलं होतं तेसुद्धा म्हणायला लागले, "माणूस भला होता हो, पण जरा निष्काळजी."

बाहेरच्यांचं एक वेळ सोडा. घरात सासू होती. सासूचा मुलगा गेला म्हणून ती रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, "माझ्याच पोटचा आळशी. लहानपणी दप्तरसुद्धा आवरायचा नाही. साहेब काय खोटं बोलेल?"

"आई, तो रोज पहाटे उठून बोट धुवायचा."

"धुवायचा ना? मग कुजली कशी?"

रोज धुतलेली बोट कुजली कशी, हे तिलाही कळत नव्हतं. नवरा गेल्याचं दुःख रडून थोडं तरी हलकं होतं. नवऱ्याचं नाव गेल्याचं होत नाही.

बोटींना परवाना देणाऱ्या साहेबाच्या ऑफिसनं मोडकी बोट आवारात ठेवली होती. काही दिवसांनी निरोप आला, घेऊन जा नाहीतर फोडून टाकतो. तिनं हातगाडीवाल्यांना गोळा केलं आणि बोट शेडमध्ये आणली. सगळ्यांना वाटलं, बाई विकणार. ती म्हणाली, "दुरुस्त करणार. पुन्हा पास करून घेणार. त्याच साहेबाकडून."

मनातलं मात्र कोणाला सांगितलं नाही. मनात असं होतं: तळ नवा करायचा, तळाखालच्या तुळया नव्या करायच्या, रंग असा चढवायचा की तोंड दिसलं पाहिजे. पण मागची भिंत तशीच कुजकी ठेवायची. भगदाडावर वरून फायबर चढवायचं, घासायचं, चमकवायचं. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि एकदा, फक्त एकदा, साहेबाला त्या बोटीत बसवून खाडीच्या मध्यावर न्यायचं. तिला पोहता येत होतं. साहेबाला येत नाही हे सगळ्या धक्क्याला माहीत होतं.

काम शिकवायला खाजरेमामा होता. हे त्याचं आडनाव नव्हे, धंद्याचा प्रसाद. जन्मभर फायबरमध्ये काम करून माणूस बोलताना, जेवताना, भांडतानासुद्धा कुठंतरी खाजवत असायचा. त्यानं बोटीभोवती एक फेरी मारली. हातात लाकडी दांड्याची छोटी हातोडी होती, तिनं तळावर ठोकत गेला. टक, टक, टक, आणि मग थप.

"ऐकलंस? टक म्हणजे लाकूड जिवंत. थप म्हणजे मेलेलं."

पुढं सगळं थपच होतं.

त्यांनी तळ कापला. वरची फायबरची साल काकडीच्या सालीसारखी उचलली गेली आणि आतलं प्लायवूड तिनं हातानं उपसलं, भिजलेल्या पावासारखं. तळाखालच्या लांब तुळया तर दाबल्या की पाणी गाळायच्या. वास ओल्या पालापाचोळ्याचा. शेडच्या दाराशी त्याचा ढीग झाला, आणि सासू रोज येऊन त्या ढिगाकडं बघून म्हणायची, "बघ, बघ तुझ्या नवऱ्याचं कर्तृत्व."

"आई, चहा ठेवते. बसा."

"बसते कुठं? बसायला फळी ठेवलीस का एक धड?"

सासूचं वजन भारी आणि जीभ त्याहून. तोंडात तीळ भिजायचा नाही. एका टोकाला काही ऐकलं की दुसऱ्या टोकाला पोचवूनच श्वास घ्यायची. त्यामुळं तिच्यासमोर खाजरेमामासुद्धा जपून खाजवायचा.

शिलाईवालीला एक भ्रम होता, की कापड ते कापड. फायबरची मॅट तिनं आपल्या मोठ्या कात्रीनं कशी सरळ, नेटकी कापली, कडा अगदी एका रेषेत. खाजरेमामानं कपाळाला हात लावला, मग तोही खाजवला.

"कापू नकोस, फाड."

"फाडू? अहो, कडा विसकटतील."

"विसकटायलाच पाहिजेत. सरळ कापलीस तर तिथं धार राहते, शिवण दिसते, आणि पहिली तिथंच सुटते. फाडलीस तर धागे खालच्या धाग्यांत जाऊन बसतात. हे ब्लाउज नाही, बाई, ही जखम भरायची आहे."

तेव्हापासून ती मॅट हातानं फाडायला लागली. चराचरा. प्रत्येक तुकड्याला मनात एकाच माणसाचा शर्ट असायचा. मॅट चिकटवायच्या पातळ रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर जास्त पडला की भांड्यातून धूर यायचा आणि हाताला चटका बसायचा. कमी पडला की दुसऱ्या दिवशीही चिकटच. रोलरनं बुडबुडे दाबून काढायचे, एकही ठेवायचा नाही. ती एकेका बुडबुड्याच्या मागं हात धुऊन लागायची. नव्या तुळया बसल्या. नवा तळ बसला. खाजरेमामानं हातोडी ठोकली. टक, टक, टक, टक. त्यानं हातोडी तिच्या हातात दिली. याहून मोठी शाबासकी त्या माणसाकडं नव्हती.

"आता मागची भिंत," तो म्हणाला.

"ती राहू दे. वरून चढवू."

"वेडी आहेस का? सगळं इंजिन तिथं टांगायचंय."

"माहितेय."

खाजरेमामानं तिच्याकडं पाहिलं. खाजवायचा थांबला. "हे बघ," तो हळूच म्हणाला, "मी बोटी बांधल्यात. सापळे नाही बांधले. तुला बांधायचा असेल तर माझी हातोडी परत दे."

तिनं हातोडी दिली नाही. तो पाय आपटत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच भगदाडावर फायबर चढवायला बसली. रंग मागं सगळीकडं एकसारखा जावा म्हणून पाटी काढायला घेतली. पाटी म्हणजे ऑफिसची पत्र्याची पाटी. 'तपासली. सुरक्षित.' बोट पास झाली की ऑफिसचा माणूस ड्रिल घेऊन यायचा, मागच्या भिंतीवर उजवीकडं चार भोकं पाडायचा आणि चार स्क्रूंनी पाटी ठोकायचा. साहेब शेजारी उभा. एकदा लागली की तिला हात लावायचा नाही. हात लावला तर परवाना जातो, हा नियम. त्यामुळं कोणीच लावत नसे. रंगवताना तिच्या कडेकडेनं रंगवत. नवऱ्याला तर त्या पाटीचा अभिमान. रोज पहाटे बादलीभर पाणी तिच्यावर ओतायचा आणि फडक्यानं घासायचा. घासून घासून अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

पहिला स्क्रू स्क्रूड्रायव्हर न लावताच बोटांत आला. त्यामागून पाणी आलं. तपकिरी, चहाच्या गाळासारखं, भिंतीवरून ओघळलं. बोट कित्येक महिने कोरड्या शेडमध्ये होती, आणि पाटीमागं अजून पाणी होतं.

ती बघत बसली. मग ग्राइंडर घेतला आणि जी भिंत ठेवायची ठरवली होती तीच कापली. वरची साल निघाली. आतलं लाकूड कुठं किती काळं आहे हे आता उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. भिंतीच्या डाव्या बाजूला, अगदी तळाशीसुद्धा, जिथं पाणी साचतं आणि जिथं कुजायला पाहिजे, तिथं लाकूड पिवळं, धडधाकट. हातोडी ठोकली: टक. पाटीच्या चार भोकांभोवती मात्र काळं मिट्ट. तिथून डाग मधल्या बाजूला पसरत गेला होता, थेट इंजिनच्या बोल्टांपर्यंत. उजव्या बाजूनं खाली तुळयांत, तुळयांतून तळात. सगळा रोग त्या चार भोकांतून आलेला.

आणि नवरा रोज पहाटे त्यावर बादली ओतत होता.

ती रडली नाही. मोठ्यानं हसली. हसताना तिचा आवाज असा आला की दाराशी नुकतीच पोचलेली सासू म्हणाली, "झालं. हीपण गेली कामातून." सुनेनं फडकं घाईघाईनं त्या भिंतीवर टाकलं. सासूला आत्ता काही सांगायचं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आधी ती खाजरेमामाच्या दारात गेली. "मामा, इथल्या बोटी कुठून कुजतात?"

"मागून. सगळ्याच मागून. इंजिनाच्या थरथरीनं."

"ऑफिसची स्वतःची बोट कुजली कधी?"

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. आठवेना.

मग ती धक्क्यावर गेली. ऑफिसची पांढरी लाँच शेवटी बांधलेली असते. बांधलेल्या दोरीशी वाकल्यासारखं करून तिनं मागच्या भिंतीवर नजर टाकली. तिथंही पाटी होती. तीच अक्षरं. पण स्क्रू नव्हते. एकही भोक नव्हतं. पाटी कडेनं जाड पांढऱ्या गोंदानं चिकटवलेली होती.

म्हणजे साहेबाला माहीत होतं. चूक सगळ्यांकडून होते, चुकीला माफी असते. पण आपल्या बोटीची पाटी चिकटवायची आणि लोकांच्या बोटींना भोकं पाडायची, याला चूक म्हणत नाहीत.

खाजरेमामा परत आला. दोघांनी मागची भिंत नवी केली, कडेपासून कडेपर्यंत. इंजिनच्या बोल्टांसाठी मोठी भोकं पाडून ती रेझिननं भरली, रेझिन दगडासारखं झाल्यावर त्यातून बारीक भोकं काढली, म्हणजे पाणी शिरलं तरी लाकडाला शिवू शकत नाही. ठोकून पाहिलं. टक. असं टक की शेडमध्ये घुमलं. मग तिनं नव्या भिंतीवर जुनी पाटी लावली. गोंदानं. चार स्क्रूंची डोकी कापली आणि पाटीच्या कोपऱ्यांत जुन्यासारखी चिकटवली. मागच्या भिंतीवर मुद्दाम जुनाच रंग, जरा मळका. नवरा घासायचा ती पाटी त्यावर चमकत होती.

"हे कशाला?" खाजरेमामानं विचारलं.

"सापळा. तुमच्या हातोडीला चालेल असा."

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी धक्क्यावर सगळे नाववाले जमले. साहेब आला. कडक इस्त्री, पॉलिश केलेले बूट. बोटीच्या काठाला टाच मारली.

"ठणठणीत आहे."

"साहेब, चाचणी फेरी राहिली," ती म्हणाली.

"कसली फेरी? दिसतंय की सगळं."

"आत बसून एक चक्कर मारायची असा नियम आहे ना? मागच्या खेपेला राहून गेली होती."

नाववाले एकमेकांकडं बघायला लागले. साहेबानं घड्याळ पाहिलं. तेवढ्यात सासू पुढं झाली. सुनेनं तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं, आई, बोटीत वजन लागेल, तुम्ही या. बाकी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"मी बसते की," सासू म्हणाली आणि बोटीत उतरली. बोट एका बाजूला कलली, पुन्हा सावरली. "हे बघा साहेब, माझं वजन झेपलं, तुमचं काय झेपणार नाही? का बायकांच्या हातची बोट म्हणून पोटात गोळा आलाय?"

कोणीतरी फस्सकन हसलं. साहेबाचे कान लाल झाले. हसं झालं की मोठा माणूस काय वाट्टेल ते करतो. तो बोटीत उतरला, रुमालानं बाक पुसला आणि मागं, इंजिनाशेजारी बसला. रिंग अंगात घाला म्हणून तिनंच दिली. ती त्यानं शहाण्यासारखी घातली.

बोट निघाली. नवा तळ पायाखाली ताठ होता. ती सुकाणूशी उभी होती, इंजिनाची किल्ली दोरीनं मनगटाला बांधलेली. धक्का लहान होत गेला. खाडीच्या मध्यावर, जिथं नवरा बुडाला साधारण तिथं, तिनं वेग वाढवला. इंजिन गुरगुरलं.

"तळ नवा आहे, साहेब," ती मागं न बघता म्हणाली. "तुळया नव्या आहेत. मागची भिंत तेवढी जुनीच ठेवली. तुम्ही पास केलेली आहे, म्हटलं कशाला बदला?"

"काय?"

"जुनीच. वरून रंगवली."

साहेब वळला. भिंत मोठी होती, इंजिन मधोमध होतं, भगदाड मधोमध पडलं होतं. कोणीही असतं तर मध्ये बघितलं असतं. साहेबाची नजर सरळ उजवीकडं गेली. पाटीवर. पाटीच्या चार कोपऱ्यांवर.

"बंद कर! अगं बाई, इंजिन बंद कर आधी! फुटेल ती! त्या भोकांतून पाणी मुरून आत सगळा लगदा झाला असेल!"

"कुठल्या भोकांतून?"

"पाटीच्या! स्क्रूच्या भोकांतून! सगळ्यांच्याच जातं तिथून..."

तो थांबला. उशीर झाला होता.

तिनं किल्ली फिरवून उपसून घेतली. इंजिन बंद पडलं. एकदम इतकी शांतता झाली की पाण्याचा तळाला लागणारा चुळूकचुळूक आवाज ऐकू आला. ओहोटी लागली होती. बोट हळूहळू, कुणी घाई न करता, समुद्राच्या तोंडाकडं सरकायला लागली.

सासू बाकाला घट्ट धरून बसली होती. तिला वाटत होतं की भिंत खरंच जुनी आहे, कोणत्याही क्षणी फाटेल. पण तिचं तोंड भीतीचं नव्हतं. ती एकेक शब्द जुळवत होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "पाटीच्या भोकांतून कुजली."

साहेब पाटीवरची नजर काढून पाण्याकडं बघायला लागला.

"माझा पोरगा रोज ती पाटी धुवायचा. मी म्हणायची, अरे पाटी कसली घासतोस, ती काय भांडं आहे? तर म्हणायचा, आई, साहेबांची पाटी आहे, मळलेली बरी दिसत नाही." तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "आणि मी त्याला आळशी म्हटलं. त्याच्या मागं. दारोदार. सगळ्यांना सांगितलं."

"आजी, हे बघा, हे तांत्रिक आहे..." साहेबानं रिंग छातीशी आवळली.

"आजी कुणाची रे? सुनेनं फक्त भिंत म्हटलं. पाटीचं नाव कोणी काढलं? चोराच्या मनात चांदणं!" सासू उठली. बोट डुलली. साहेब ओरडला. सासू त्याच्या शेजारी जाऊन बसली, मागं, त्या भिंतीला पाठ टेकून, आणि त्याचं मनगट धरलं. "सूनबाई, फुटू दे भिंत. मला काही वाटत नाही. बुडायचं तर याला घेऊन बुडू."

शिलाईवालीनं तिच्याकडं पाहिलं. आतापर्यंत तिला सासूची एकच गोष्ट कामाची वाटली होती, तिची जीभ. आज जे ऐकलं ते संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांवर पोचेल, आणि ज्या दारांत जाऊन आळशी म्हटलं त्याच दारांत जाऊन ती हे सांगेल, एवढाच हिशोब होता. पण म्हातारी त्या भिंतीला, जी तिच्या मते कुजकी होती, पाठ लावून बसली होती. मुलाच्या बाजूनं. पहिल्यांदा.

भिंत नवी आहे हे सुनेनं सांगितलं नाही. सांगेल कधीतरी. आत्ता नाही.

"बाई, किल्ली लावा," साहेब आता हळू आवाजात बोलत होता. "आपण किनाऱ्यावर बोलू. ऑफिसात या. मी बघतो काय करता येईल ते. मी एकटा नाही ना, वरून हुकूम असतात, पाटी अशीच लावायची..."

"ऑफिसात आले होते. तुम्ही जेवायला गेला होतात."

रोज सकाळी बोटीला म्हणून दाखवलेलं सगळं तिच्या ओठांवर होतं. तुम्ही मारलंत त्याला. टाचेनं मारलंत. पण ते म्हणायची आता गरजच नव्हती. साहेबानंच म्हणून टाकलं होतं. तिला फक्त एक गोष्ट हवी होती, जी ग्राइंडरनं कापून मिळत नाही आणि हातोडी ठोकून कळत नाही.

तिनं मनगटावरची किल्ली सोडवली आणि हात काठाबाहेर, पाण्यावर धरला. किल्ली दोरीला लोंबत होती.

"तुमच्या ऑफिसची लाँच मी बघून आलेय, साहेब. तिची पाटी गोंदानं चिकटवलेली आहे. एक भोक नाही. तिथं वरचा हुकूम लागत नाही वाटतं."

साहेबानं मान वळवून धक्क्याकडं पाहिलं.

"धक्का दिसतोय ना अजून? सगळे नाववाले उभे आहेत तिथं. त्या प्रत्येकाच्या बोटीला मागं तुमची पाटी आहे, चार स्क्रूंची. ते आपली वाट बघतायत. मलाही घाई नाही, आईंनाही नाही. तेव्हा सांगा. तुमच्या बोटीची पाटी चिकटवलीत, आणि आमच्या बोटींना भोकं का पाडलीत? माहीत होतं, तर त्याला का नाही सांगितलंत?"

"बोला," ती म्हणाली. "ओहोटी आहे. उत्तर द्या."